एक आवार, पण दारे वेगळी



विठ्ठलवाडीच्या चाळीतून हातात कागदांची पिशवी घेऊन सकाळी बाहेर पडणारी बाई आपण पाहिली असेल. तिच्या मुलाला जातीवरून शिवीगाळ होऊन मारहाण झालेली असते. ती प्रथम पोलीस ठाण्यात जाते. तेथून तिला दवाखान्यात धाडतात. दवाखान्याचा कागद घेऊन ती परत ठाण्यात येते, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्याची कचेरी, तिसऱ्या दिवशी दाखल्यासाठी महसूल कचेरी, आणि काही महिन्यांनी कल्याणचे सत्र न्यायालय. तेथे सरकारी वकील कोठे बसतात हे तिला कोणी सांगत नाही. प्रत्येक फेरीचा एक रोज बुडतो. चार रोज बुडाले की चूल अडते, आणि चूल अडली की समोरच्या पक्षाचा मध्यस्थ दारात येऊन उभा राहतो. तो म्हणतो, "बाई, कशाला खेटे घालता? मिटवून टाका."

अशा रीतीने किती फिर्यादी न्यायाधीशापर्यंत न पोहोचताच मेल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणूनच पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, वैद्यकीय तपासणी आणि विधी साहाय्य यांच्या इमारती एकत्र असाव्यात काय, हा प्रश्न केवळ बांधकाम खात्याचा नाही, तो आपला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात माणसे वाढली, जमीन महाग झाली. एका आवारात चार खाती बसवली तर जागा वाचते, खर्च वाचतो, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी सर्व सत्ता एकाच आवारात बसलेली पाहिली आहे, त्यांनी या कल्पनेला होकार देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. या इमारतीत एकत्र काय येणार? आणि वेगळे काय राहणार?

जुनी मामलेदार कचेरी आठवा. एकाच आवारात मामलेदार, खजिना, पोलीस आणि कच्ची कोठडी असे. सारा वसूल करणारा अधिकारीच दंडाधिकारी म्हणून खुर्चीवर बसे. जिल्ह्यात कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे आणि पोलिसांवरही त्याचाच वचक चाले. गावचा पाटील ज्याच्याकडे सारा भरी, त्याच्याचकडे पाटलाविरुद्ध दाद मागावयाची, अशी ती व्यवस्था होती. आपले आजे-पणजे त्या कचेरीत फिर्यादी म्हणून क्वचितच गेले; गेले ते बहुधा आरोपी म्हणून, नाहीतर वेठीला धरलेले म्हणून. आवाराच्या बाहेर झाडाखाली बसून हाक येण्याची वाट पाहणे, एवढाच त्या इमारतीशी त्यांचा संबंध. तेव्हा एकत्र इमारतीची कल्पना नवी नाही. ती आपल्याकडे होती, आणि तिचा अनुभव आपल्याला आहे.

महाडचेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊ घातला, तेव्हा दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि कलेक्टर साहेब स्वतः महाडला येऊन समजूत घालू लागले. शांतता राखणे हे त्यांचे काम होते; तळ्यावर कोणाचा हक्क आहे हे ठरवणे त्यांचे काम नव्हते. तो हक्क ठरला १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात. जे न्यायालय कलेक्टराच्या हाताखाली नव्हते, त्याच न्यायालयात अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला. या प्रसंगाचा बोध असा की, दुर्बळाला न्याय मिळण्याची पहिली अट न्यायाधीशाची इमारत सुंदर असण्याची नाही. तो कोणाच्या ताब्यात नाही, ही ती अट आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत न्याययंत्रणा कार्यकारी सत्तेपासून विभक्त करण्याचे कलम त्यांनीच मांडले. तेच आज संविधानाचा पन्नासावा अनुच्छेद म्हणून उभे आहे. मुंबई राज्याने त्या दिशेने १९५१ साली न्यायविषयक व कार्यकारी कामांच्या विभक्तीकरणाचा कायदा केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही विभागणी देशभर रूढ केली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही न्यायिक दंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी हे दोन वेगळे वर्ग कायम आहेत.

सरकारी वकिलाची गोष्टही अशीच आहे. महाराष्ट्रात पूर्वी कनिष्ठ न्यायालयांतील सरकारी वकील पोलीस खात्याच्या शिस्तीखाली काम करीत. १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मोडली. अभियोग चालवणारे वकील पोलिसांच्या प्रशासकीय व शिस्तविषयक नियंत्रणातून मुक्त झाले पाहिजेत, त्यांचे स्वतंत्र खाते असले पाहिजे, असा आदेश दिला. पुढे २००० साली आणखी एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की तपास हे पोलिसांचे काम आहे, अभियोग हे वकिलाचे, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात शिरू नये. याचे कारण उघड आहे. पोलिसांनी पुरावा कच्चा ठेवला तर तो कच्चा आहे असे सांगणारा कोणीतरी पोलिसांचा नोकर नसलेला माणूस हवा.

मात्र आपल्या पट्ट्यात ही विभक्ती पूर्ण झालेली आहे असे समजू नका. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतात. आयुक्तालयाच्या हद्दीत प्रतिबंधक कारवाईचे, म्हणजे ज्याला लोक चॅप्टर केस म्हणतात तिचे, अधिकार पोलीस अधिकारीच कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने चालवतात. तडीपारीचा हुकूमही येथे पोलीस उपायुक्तच देतात. म्हणजे तरुणाला पकडणारा पोलीस, त्याच्याकडून चांगल्या वर्तनाचे बंधपत्र मागणाराही पोलीस, आणि त्याला जिल्ह्याबाहेर घालवणाराही पोलीस. हे सर्व कायद्याने चालते. परंतु एका छताखाली सत्ता एकत्र झाली की काय होते, याचा नमुना म्हणून वस्तीतील प्रत्येक आईने तो लक्षात ठेवावा. जयंतीच्या मिरवणुकीपूर्वी ज्या घरांतील मुलांना नोटिसा येतात, त्या घरांना हे वेगळे सांगावयास नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग संपादकांचा एकत्र इमारतीला विरोध आहे. तसे नाही. वाचकांनी दुसरी बाजूही तेवढ्याच गंभीरपणे पाहावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय घडले ते आपण विसरलेलो नाही. शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांना तास न् तास ताटकळावे लागले. लोकांचा संताप अनावर होऊन २० ऑगस्ट रोजी रेल्वेमार्ग अडला, आणि उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीचा २०१२ चा कायदा सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यावा, जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवू नये. कायद्याने सर्व सांगितले. परंतु ते पाळता येईल अशी खोली कोठे आहे? ठाण्याच्या एकाच दालनात टेबलामागे हवालदार, समोर चोरीची तक्रार करणारा दुकानदार, कोपऱ्यात बेड्या घातलेला आरोपी, आणि त्यांच्यामध्ये कडेवर लेकरू घेतलेली आई, असे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना कायदा आणि जागा यांतील अंतर कळेल.

हे अंतर कमी करण्याचे मार्ग जगाने शोधले आहेत. आइसलँड देशात १९९८ साली मुलांचे घर या नावाची एक संस्था उघडली. तेथे एकाच घरात मुलाचा जबाब, वैद्यकीय तपासणी आणि मानसिक उपचार होतात. पोलीस, अभियोक्ता व न्यायाधीश मुलाकडे येतात, मुलाला त्यांच्या दारोदार हिंडावे लागत नाही. अमेरिकेत सॅन डिएगो येथे २००२ साली कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रियांसाठी पोलीस, वकील, वैद्य व समुपदेशक एका छताखाली आणले गेले. आपल्याकडे २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे, आणि नागपूर पोलिसांनी २०१७ साली भरोसा सेल सुरू केला तो याच विचाराने. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. एकत्र आणली ती मदत, सत्ता नव्हे. फिर्यादीची पायपीट वाचवली, पण न्यायाधीशाला पोलिसांच्या दालनात नेऊन बसवले नाही.

आरोपीच्या बाजूनेही जवळ असण्याचा लाभ आहे, आणि वकील म्हणून तो सांगणे आमचे कर्तव्य आहे. संविधानाचा बाविसावा अनुच्छेद म्हणतो की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ मात्र या चोवीस तासांत मोजला जात नाही. न्यायालय भिंतीपलीकडे असेल तर प्रवासाची सबब उरत नाही. आपली मुले जशी फिर्यादी असतात तशी आरोपीही असतात, कधी खरी, कधी खोटी. कोठडीतील एकेक तास त्यांच्या अंगावर उमटतो.

परंतु याच बदलापूरच्या प्रकरणाने दुसरा धडाही दिला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. गुन्हा कितीही किळसवाणा असो, शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, गाडीतील बंदुकीचा नाही. त्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी केली आणि पोलिसांच्या सांगण्यावर प्रश्नचिन्ह उभे करणारा अहवाल उच्च न्यायालयासमोर ठेवला. पोलिसांच्या कृतीची अशी तपासणी करू शकेल असा अधिकारी पोलिसांपासून दूर होता, म्हणूनच हे होऊ शकले. ज्या दंडाधिकाऱ्याचा चहा ठाण्यातून येतो, ज्याची गाडी ठाण्याच्या शिपायाने धुतलेली असते, त्याच्याकडून लोक अशा अहवालाची अपेक्षा कशी करतील? तो अधिकारी स्वतः कितीही सचोटीचा असला तरी लोकांच्या मनात किल्मिष येईल; आणि न्याय होणे जितके अगत्याचे, तितकेच तो होताना दिसणे अगत्याचे आहे.

आमच्या वकिलीच्या पहिल्या वर्षांतील एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी न्यायालय आणि पोलीस ठाणे एकाच आवारात होते. येण्याजाण्याचे फाटक एक, बसावयाचे बाक एक. आमची साक्षीदार, शेतमजूर बाई, त्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी आरोपीचा चुलता येऊन बसला. तो तिला काही बोलला नाही. ठाण्यातून आलेल्या जमादाराने त्याला नमस्कार केला, तंबाखू दिली, दोघे हसले. एवढेच झाले. तासाभराने ती बाई साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, "मला काही आठवत नाही." आम्ही तिला दोष दिला नाही. तिला जे सांगावयाचे होते ते त्या बाकाने आधीच ऐकवले होते: येथे सगळे एकच आहेत.

इमारत अशी बोलते. म्हणून नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो वाचता आला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनातच, जमिनीच्या वादातील एका बाजूच्या तत्कालीन आमदाराने दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. दोन पक्ष एकाच खोलीत समोरासमोर बसवले की काय होऊ शकते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? त्या खोलीत प्रतिष्ठित माणसे होती. तेथे आपल्या वस्तीतील बाई एकटी असती तर गोळीचीही गरज पडली नसती. नुसती नजर पुरली असती. आणि १३ ऑगस्ट २००४ चे नागपूर आठवा. कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणारा गुंड न्यायालयाच्या खोलीतच जमावाकडून मारला गेला. वस्तीतील स्त्रिया सांगत होत्या की पोलिसांनी आमच्या तक्रारी ऐकल्या नाहीत. त्या कृत्याचे आम्ही समर्थन करीत नाही. तथागतांच्या मार्गाने चालू पाहणाऱ्यांना वैराने वैर शमत नाही हे सांगण्याची गरज नाही. परंतु ठाण्याचे दार बंद राहिले की न्यायालयाच्या भिंती कितीही जाड असल्या तरी तोकड्या पडतात, हा त्या घटनेचा अर्थ नाकारता येत नाही.

तेव्हा आमचे मत असे आहे. मदतीची खाती जवळ यावीत, निर्णयाची खाती विभक्त राहावीत. वैद्यकीय तपासणीची खोली, समुपदेशन, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील आणि महिला पोलिसांचा कक्ष खुशाल एका छताखाली असावेत. सरकारी वकिलांची कचेरी न्यायालयाजवळ असावी, ठाण्यात नव्हे. न्यायालयाचे आवार, फाटक, कारकून आणि देखभाल ही न्यायालयाच्याच ताब्यात असावीत. जागेच्या टंचाईमुळे भूखंड एकच घ्यावा लागला, तरी मधली भिंत आणि दारे वेगळी असावीत.

याबरोबर काही गोष्टींचा आग्रह आपण प्रत्येक नकाशाच्या वेळी धरला पाहिजे. फिर्यादी व साक्षीदार यांची बसण्याची जागा आरोपीच्या माणसांपासून वेगळी असावी, आणि तिला वेगळी वाट असावी. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, दुर्बल साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश सर्व उच्च न्यायालयांना दिले. त्या केंद्राची जागा नकाशात प्रथम आखावी, उरल्या कोपऱ्यात नव्हे. स्त्रियांची कोठडी वेगळी असावी व तिच्यावर स्त्री शिपाईच असावी. मुंबईच्या कोठड्यांसंबंधी १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. अल्पवयीन मुलासाठी कोठडीच नसावी, कारण बाल न्याय कायद्याने त्याला कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. २ डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्याचा कोणताही भाग कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर राहू नये. पिण्याचे पाणी, स्त्रियांचे संडास आणि लेकरू निजवण्याची जागा असावी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात त्यांना, ज्यांना दिवसभर फाटकाबाहेर उभे राहावे लागले नाही.

आता एक गोष्ट विशेषतः त्या कुटुंबांसाठी, ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. ठाण्यात आपल्याला कोणी सांगेल, "तुम्ही बौद्ध झालात, आता अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तुम्हाला लागू नाही." हे चूक आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. दाखला आधी आणा, मग फिर्याद घेऊ, या सांगण्यालाही आधार नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवून दिले आहे. फिर्याद वाचून दाखवणे व तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणे हा याच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाखाली, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकसेवकाच्या बाबतीत, स्वतंत्र गुन्हा आहे. आणि ज्या बाईपासून हा लेख सुरू झाला, तिचा बुडालेला रोज? याच कायद्याचे नियम सांगतात की फिर्यादी व साक्षीदार यांना तपासाच्या व सुनावणीच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा प्रवासखर्च आणि किमान वेतनाहून कमी नसलेला निर्वाहभत्ता मिळाला पाहिजे. तो मागावा लागतो. तो मागण्यासाठी एक खिडकी त्या नव्या इमारतीत असावी, आणि तिच्यावर मराठीत पाटी असावी.

बंधु-भगिनींनो, उल्हासनगर हे शहरच सैन्याच्या रिकाम्या बराकींतून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातील छावणीत फाळणीनंतर निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला हे नाव मिळाले. बांधणाऱ्याने एका हेतूने बांधलेली इमारत माणसे दुसऱ्या हेतूने वापरू शकतात, हे या भूमीला ठाऊक आहे. पण त्याकरिता माणसांनी आत शिरावे लागते. यापुढे आपल्या वस्तीतील कोणीही ठाण्याची वा न्यायालयाची पायरी एकट्याने चढू नये. सोबत दोन माणसे असावीत, त्यांपैकी एक लिहिणारा असावा. प्रत्येक विहारात या कायद्यांची कलमे मोठ्याने वाचली जावीत. आणि नव्या इमारतीचा नकाशा लोकांपुढे आला, तर आपल्यातील शिकलेल्यांनी तो मागून घ्यावा, जमिनीवर पसरावा, आणि बोट ठेवून विचारावे: आमची बाई कोणत्या दाराने आत जाईल, कोठे बसेल, तिच्या शेजारी कोण बसेल, आणि तिचे म्हणणे ऐकणारा माणूस कोणाचा चाकर असेल?